दवबिंदूचं बी गॅलरीत रुजवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या सुरुवातीला ऑनलाइन मागवलेलं दवबिंदूचं, म्हणजे ड्रॉसेरा या कीटकभक्षी झाडाचं बी तुम्ही नर्सरीच्या कोकोपीटमध्ये मूठभर गांडूळखत मिसळून पेरलंत. कुंडी घणसोलीच्या घरी, पूर्वेच्या गॅलरीत आहे. रोज झारीने नळाचं पाणी घालता. सहा आठवडे झाले, वर हिरवंगार शेवाळ आलं, रोप मात्र एकही नाही. अर्धं बी अजून पाकिटात आहे. शिवाय विचारलंय की सीतेची आसवं, म्हणजे पठारावरची दुसरी कीटकभक्षी रोपं, घरी लावता येतील का, आणि नऊ वर्षांच्या लेकीला रोपांना मुंग्या भरवायच्या आहेत, त्या चालतील का.

मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते आणि गेली चौदा वर्षं गॅलरीत नि गच्चीवर आपल्याकडची कीटकभक्षी झाडं बियांपासून वाढवते. पहिली दोन वर्षं मीही कोकोपीट आणि गांडूळखतच वापरलं होतं. तुळस, मोगरा, कढीपत्ता यांच्या संगतीत शिकलेला माणूस दुसरं काय करणार? पण तुमच्या कुंडीत जे झालं त्याचं कारण त्या मूठभर खतातच आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

दवबिंदू किडे खातो तो ताकदीसाठी नव्हे. अन्न तो इतर झाडांसारखंच उन्हात, पानांमध्ये तयार करतो. किड्यांकडून त्याला हवं असतं ते नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस). तो वाढतो ती जागा म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावरची बोटभर मातीची पुटं, आणि त्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. जे काही सत्त्व असेल ते पाऊस धुऊन नेतो. अशा उपाशी जमिनीत गवतालाही धड जोर धरता येत नाही, म्हणून तिथे या चिमुकल्या झाडाला ऊन मिळतं, जागा मिळते. जमिनीत खत पडलं की दोन गोष्टी होतात. एक तर त्याची नाजूक मुळं क्षारांनी जळतात. दुसरं म्हणजे शेवाळ, मॉस आणि गवत यांना मेजवानी मिळते आणि मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक असलेलं रोप त्याखाली गाडलं जातं. तुमच्या कुंडीत दुसरी गोष्ट नक्की झाली आहे, पहिली बहुधा झाली आहे. त्या कुंडीत आता काही राहिलेलं नाही. ते मिश्रण मोगऱ्याला घालून टाका.

बी खरं होतं का, तेही बघायला हवं. बाजारात ‘कीटकभक्षी झाडाचं बी’ म्हणून काहीही विकलं जातं, अगदी रंगवलेले तुळशीचे किंवा राजगिऱ्याचे दाणेसुद्धा. उरलेलं बी पांढऱ्या कागदावर घ्या आणि भिंगाखाली बघा. दवबिंदूचं बी काळं, चकचकीत आणि इतकं बारीक असतं की फुंकर मारली तर उडून जाईल. चिमटीत एकेक दाणा धरता येत असेल तर ते दवबिंदूचं नाही. तुम्ही लिहिलंय की ‘काळ्या पावडरसारखं दिसतं’. ते ऐकून बरं वाटलं.

आता जाती. महाराष्ट्रात आपल्याला दवबिंदूच्या मुख्यतः दोन भेटतात. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीलगत पाकळ्यांसारखी पानं पसरतो, रुपयाच्या नाण्याएवढा होतो आणि ऊन मिळालं तर लालबुंद दिसतो. त्याच्या पानांच्या कडेचे लांब केस किडा बसल्यावर काही सेकंदांत आत वळतात. डोळ्यांदेखत. इतर बहुतेक दवबिंदूंना त्याला काही मिनिटं तरी लागतात. दुसरा ड्रॉसेरा इंडिका, उभ्या दांड्याचा, लांब दोऱ्यांसारख्या पानांचा. वीतभर वाढतो, गवतातून मान काढतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खं झाड मण्यांनी गुंफल्यासारखं दिसतं. कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हे पावसाळ्यात दिसतात. तुमच्या पाकिटावर जात लिहिलेली नाही, पण घरच्या रोपांचं बी म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा बर्मानीचं असतं. तुमचं तेच असेल तर चांगलंच आहे, कारण नवशिक्याला तो लवकर साथ देतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. इंग्रजीतून मिळणारे जवळजवळ सगळे सल्ले थंड देशांतल्या दलदलींसाठी लिहिलेले असतात. ओल्या टिश्यूत गुंडाळून बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत झाडाला झोपू द्या, वगैरे. व्हीनस फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या कॅरोलायनांच्या किनारपट्टीचं झाड आहे. सारासेनिया उत्तर अमेरिकेतला. त्यांना ते लागतं. आपल्या दवबिंदूने बर्फ पाहिलेला नाही. त्याच्या बियांना थंडी नको, त्यांना उन्हाळा हवा. नोव्हेंबरात बोंडं फुटतात, बी कातळाच्या भेगांत पडतं, सगळा उन्हाळा तापलेल्या दगडावर कोरडं भाजत राहतं आणि मृगाच्या पावसाने ओलं होतं. कोकणातले शेतकरी काही ठिकाणी भाताची धूळवाफ करतात, म्हणजे पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीतच बी टाकून ठेवतात. इंडिकाची पेरणी मी तशीच करते. रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की ओलसर न करता मिश्रणावर बी पसरते, कुंडी चार-पाच दिवस तशीच कडक उन्हात ठेवते आणि मग ट्रेमध्ये पाणी घालते. आधी फ्रिजमध्ये ठेवलेल्या बियांपेक्षा माझ्याकडे असं बी कायम जास्त रुजलं आहे. बर्मानी मात्र इतका मानी नाही. आपल्या हवेत तो वर्षभर केव्हाही रुजतो, फक्त ऊन आणि ओल हवी.

ही झाडं वर्षायू आहेत हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धी काळजी मिटते. इंडिका बी देऊन वाळतोच, काहीही केलं तरी. बर्मानीही फार जगत नाही, पण ओल तुटली नाही तर कुंडीतच सांडलेल्या बियांतून पुन्हा उगवत राहतो. मला सुरुवातीला डिसेंबरात तपकिरी झालेली रोपं बघून रडू यायचं, मग मी पाणी वाढवायचे, सावलीत हलवायचे, आणि त्या नादात बोंडं कुजवून टाकायचे. आता मी रोप वाढवत नाही, पीक घेते. जूनला पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात फूल, नोव्हेंबरात बी. भातासारखंच.

मिश्रणाचं बघू. चांगलं म्हणजे पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं मॉस. ते परदेशातून येतं, ऑनलाइन मिळतं आणि महाग असतं. पण चार इंची सहा कुंड्यांना किलोभरसुद्धा लागत नाही. त्यावर छापलेलं नीट वाचून घ्या, कारण बरीच पाकिटं आधीच खत आणि चुना मिसळलेली असतात. ती चालत नाहीत. पीट गरम पाण्यात रात्रभर भिजवून घेते. त्याने चिलटांची अंडीही मरतात आणि कोरडं पीट पाणी झिडकारतं तेही थांबतं. त्यात समान मापाने वाळू.

वाळू हाच आपल्या भागातला खरा घोळ आहे. बांधकामावरची वाळू आता बहुतेक वेळा काळ्या दगडाची पूड असते, आणि त्यातून क्षार सुटत राहतात. खाडीची रेती तर खारटच. घ्यायची ती गारगोटीची पांढरी वाळू, जी पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात. ती दुकानात मिळते. पाच-सहा पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी स्वच्छ राहीपर्यंत. पांढरी म्हणून संगमरवराचा चुरा आणू नका, तो चुनखडीच आहे आणि दवबिंदूला चुना म्हणजे विष. शंका असेल तर वाळूवर लिंबू पिळा, फेस आला तर ती नको. वाळू मिळाली नाही तर परलाइट, म्हणजे नर्सरीतले हलके पांढरे दाणे, चालतं, फक्त ते वर तरंगून येतं आणि पावसात बी घेऊन वाहून जातं.

कोकोपीटने होणारच नाही का? होतं, पण कष्ट आहेत. नारळाच्या सोडणात मीठ असतं आणि पोटॅशही बरंच. बादलीत भिजवायचं, कापडातून पिळायचं, पुन्हा भिजवायचं, आणि पिळलेल्या पाण्यातले क्षार टीडीएस मीटरवर मोजायचे. माझ्या हातची एक वीट पाचव्या पाण्याला मापात आली होती, दुसरी नवव्यालाही नाही. मी बर्मानी धुतलेल्या कोकोपीटमध्ये वाढवला आहे. वाढतो, पण लहान राहतो. पहिल्या वर्षी पीटच घ्या.

कुंडी प्लॅस्टिकची. मातीच्या कुंडीच्या अंगातून क्षार पाझरतात, काही महिन्यांत वर पांढरी पुटं दिसतात. दह्याचे अर्धा किलोचे डबे तळाला पाच-सहा भोकं पाडून उत्तम चालतात. मी तळाला जांभ्याचे तुकडे घालते. कोकणातून येणाऱ्या चिऱ्यांचे तुटके तुकडे बांधकामावर मिळतात. त्याने झाडाला काही खास फायदा होतो असं मी म्हणणार नाही, पण जांभा आंबट स्वभावाचा आहे, नुकसान करत नाही, आणि डबा वाऱ्यात उलटत नाही. सहाव्या मजल्यावर हे महत्त्वाचं आहे.

पाणी. सगळ्यात जास्त झाडं मी पाण्यानेच मारली आहेत. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, प्यायला छान आहे, पण दवबिंदूच्या हिशेबाने त्यातही क्षार आहेत, क्लोरीन आहे, आणि सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं तर विचारायलाच नको. शिवाय आपण ट्रेमध्ये पाणी ठेवतो, ते वरून वाफ होऊन जातं आणि क्षार मात्र कुंडीतच मागे राहतात. म्हणजे आज थोडे असलेले क्षार तीन महिन्यांनी बरेच झालेले असतात. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. आकडा ५० च्या आत हवा, २० च्या आत असेल तर आणखी चांगलं.

घरी आरओ असेल तर नळीखाली पेला धरून मोजा. बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी क्षार पुन्हा मिसळायची सोय असते, त्यामुळे ‘आरओचं पाणी आहे’ एवढ्यावर विसंबू नका. मशिनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही क्षारयुक्त असतं, ते चुकूनही नको. एसीचं टपकणारं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. मी ते एप्रिल-मेमध्ये वापरते, फक्त सर्व्हिसिंग झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस फेकून देते, कारण कॉइल धुवायला रसायन वापरलेलं असतं.

पण आपल्याकडे याहून सोपं उत्तर आभाळातून पडतं. ठाणे-नवी मुंबईला वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, त्यात शहराची धूळ असते. मग गच्चीवर किंवा ग्रिलबाहेर स्वच्छ टब ठेवून पाणी धरा, सुती फडक्यातून गाळा आणि वीस लिटरच्या कॅनमध्ये झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. सहा लहान कुंड्यांना पावसाळा सरल्यावर दिवसाला अर्धा-पाऊण लिटर लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबर काढायला तीन-चार कॅन पुरतात आणि तोवर इंडिकाचं बी हातात आलेलं असतं. झाडाचं वेळापत्रक पाळलं की पाण्याचा प्रश्नही असा आपोआप सुटतो, म्हणून मी त्याबद्दल इतकी आग्रही आहे.

पाणी कायम खालून. ट्रेमध्ये बोटाच्या एका पेराएवढं. झारी पहिले दोन महिने विसरून जा, एका धारेत सगळं बी कोपऱ्यात गोळा होतं किंवा आत दडपलं जातं. तुमचं थोडंफार बी असंही गेलं असणार.

आणि डास. हे मी नुसतं जाताजाता सांगत नाहीये. पावसाळ्यात आपल्या दोन्ही महापालिकांचे कर्मचारी साचलेलं पाणी तपासायला घरोघरी येतात, आणि त्यांचं बरोबर आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, उथळ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. ट्रे दर चार दिवसांनी पूर्ण ओतून, आतून हाताने घासून मगच भरा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. त्याहून सोपं म्हणजे ट्रे धुतलेल्या गारगोट्यांनी भरून टाका आणि पाण्याची पातळी गोट्यांच्या खाली ठेवा. कुंडीला ओल मिळते, डासाला पाणी दिसत नाही. माझे सगळे ट्रे आता तसेच आहेत.

आता प्रत्यक्ष पेरणी. मिश्रण डब्यात काठाखाली बोटभर जागा सोडून भरा, हलकं दाबा, वरचा थर सपाट करा. कागदाची उभी घडी घालून त्यात बी घ्या आणि बोटाने कागदाला हलक्या टिचक्या मारत डब्यावरून फिरवा. वर माती टाकायची नाही. या बियांना रुजायला उजेड लागतो, अर्धा सेंटिमीटर मातीही त्यांना फार झाली. बी दिसत नाही म्हणून पडलंच नाही असं वाटून माणूस आणखी ओततो, तसं करू नका. एका डब्यात वीस-तीस बिया खूप झाल्या. सगळं बी एकाच डब्यात कधीही नको. मी तीन डबे करते आणि तीन जागी ठेवते. एक पूर्वेला, एक गच्चीवर, एक आत दिव्याखाली. कोणत्या जागेचं काय बिघडेल ते आधी कळत नाही.

डब्यावर पारदर्शक झाकण, त्याला सुईने पाच-सहा भोकं. झाकण असताना थेट दुपारचं ऊन नको, आत भट्टी होते. जूनच्या ढगाळ हवेत त्रास नाही, पण मेमध्ये पेरलं असेल तर झाकणच लावू नका, ओल खालून येतेच. जुलैत मात्र झाकण किंवा वर तिरकी काच हवीच, कारण आपल्याकडचा पाऊस रिमझिम नसतो. एका रात्रीत माझा पूर्ण डबा धुऊन निघाला होता, सकाळी गच्चीच्या गटारात पीटची काळी रेघ तेवढी दिसली.

बर्मानी दोन ते चार आठवड्यांत रुजतो. इंडिका तेवढाच वेळ घेतो किंवा दोन महिनेही लावतो, एकाच वेळी सगळा येत नाही. आधी सुईच्या टोकाएवढे दोन हिरवे ठिपके दिसतात. शेवाळ आणि ते यातला फरक कळायला भिंग लागतं. आणि मग एके दिवशी, साधारण दहा-बारा दिवसांनी, त्या ठिपक्यांच्या मधून पहिलं खरं पान येतं आणि त्या मिलिमीटरभर पानावर चार केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा थेंब. मी आजवर हजारो पाहिली असतील. तरी दर जूनला भिंग घेऊन बसते. लेकीला हे दाखवा, मोठ्या झाडापेक्षा तिला हेच लक्षात राहील.

ऊन कमीत कमी चार तास थेट मिळायला हवं. तुमची पूर्वेची गॅलरी सकाळी नऊ-दहापर्यंतच उन्हात असेल तर ते थोडं कमी पडतं. कठड्याच्या आतल्या जमिनीवर नको, ग्रिलच्या बाहेरच्या कडेला, जितकं पुढे ठेवता येईल तितकं पुढे ठेवा. पानं हिरवी आणि लांबट झाली, थेंब दिसेनासे झाले तर उजेड कमी आहे. बर्मानी लाल झाला की समजायचं, बरोबर चाललंय. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यच दिसत नाही तेव्हा साधी वीस वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर बारा-चौदा तास लावली तरी भागतं. मोठ्या पावसात थेंब धुऊन जातात, त्याने घाबरू नका, पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

कबुतरं. ग्रिलमध्ये कबुतर बसलं की विष्ठा पडते, आणि विष्ठा म्हणजे खत. एकाच विष्ठेने माझा अर्धा डबा काळा पडला आहे. जाळी लावा, दुसरा उपाय नाही.

मावा फुलाच्या दांड्यावर येतो, कोवळी पानं वाकडी होतात. औषध मारू नका, विशेषतः साबणाचं पाणी, चिकच निघून जातो. पूर्ण डबा झाडासकट पावसाच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा, मावा मरतो, झाड तरतं. शेवाळ वाढत असेल तर टूथपिकने उचला आणि पाण्याची पातळी थोडी उतरवा. पांढरी बुरशी दिसली तर आधी झाकण काढा. वारा हेच तिचं औषध. रोपं उपटून दुसरीकडे लावायचा मोह मात्र टाळा. इंडिकाची मुळं इतकी नाजूक की दहातली आठ मरतात. जिथे पेरलं तिथेच वाढू द्या, दाटी झाली तर कात्रीने कमजोर रोपं कापा.

मुंग्यांबद्दल. लेकीला नाही म्हणू नका, फक्त मुंगी नको. रोप लहान असताना मुंगी त्याच्याहून मोठी असते, ती सुटून जाताना रोप मुळासकट ओढते. मुंगीच्या अंगात आम्लही असतं. माशांच्या खाद्याचा सुका दाणा घ्यायचा, खलात अगदी पूड करायची, ओल्या टूथपिकच्या टोकावर जेवढी चिकटेल तेवढी एका पानावर ठेवायची. एका रोपाला एकच पान, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त घातलं तर तिथे बुरशी धरते आणि पान जातं. पनीर, मटण, डाळ असलं काही नको. असं भरवलेली रोपं न भरवलेल्यांपेक्षा जास्त वेगाने मोठी होतात, हे तिला दोन डबे शेजारी ठेवून स्वतः मोजता येईल. रोपं पैशाच्या नाण्याएवढी झाली की भरवणं थांबवा, गॅलरीत चिलटांची कमी नसते.

सीतेची आसवं हा वेगळा विषय आहे, आणि मला फार जवळचा. युट्रिक्युलेरियाच्या जांभळ्या-निळ्या फुलांना सीतेच्या डोळ्यांतलं पाणी म्हणणाऱ्या माणसाने ती सप्टेंबरात, ओल्या कातळावर, धुक्यात पाहिली असणार. वर नाजूक फूल आणि खाली शिकारी. त्याला खरी मुळंच नसतात. मातीत धाग्यांसारख्या फांद्या, त्यांना डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून चपटी होऊन बसते, दाराशी असलेल्या केसांना पाण्यातल्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. वनस्पतींमध्ये इतकी चपळ हालचाल फारच थोडी.

घरी लावता येईल का? पठारावरच्या जातींबद्दल मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. त्यांना कातळावरून सतत सरकणारं, थंड, पातळ पाणी लागतं. आपल्याकडे कुंडीतलं पाणी उभं असतं आणि रात्रही उकडते. मी सात पावसाळे प्रयत्न केले, फुलेपर्यंत आली ती एकदाच. डबा गच्चीच्या पन्हळीखाली होता आणि दिवसभर थेंब थेंब पाणी त्यावरून जात होतं, त्या वर्षी. आधी दवबिंदूचं एक पीक काढा, मग याकडे वळा. पाण्यावर तरंगणारी, पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया ऑरिया मात्र जमते. रुंद टब, पावसाचं पाणी, तळाला मूठभर पीट, भरपूर ऊन. तिला बियांची गरज नाही, बोटभर तुकडाही पुरतो. ती डासांच्या अळ्याही खाते, पण म्हणून टब उघडा ठेवून निर्धास्त राहू नका, सगळ्या खात नाही. वर जाळी लावा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी ‘येऊरला किंवा कासला गेलो तर थोडं बी आणता येईल का’ असं लिहिलंय. नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून रोप काय, पानही आणणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. कास राखीव वनात आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. वर्षायू झाडाचं पुढच्या वर्षीचं अस्तित्व म्हणजे त्याचं यंदाचं बी. ते उचललं तर त्या भेगेत पुढल्या जूनमध्ये काही उगवत नाही. कोकणातले सडे आधीच खाणी, रस्ते, बागा यांत चालले आहेत. आणि घरात पिकवलेलं बी हौसेने डोंगरावर टाकायला जाऊ नका. आपलं बी कुठल्या मुलखातून आलंय ते आपल्याला माहीत नसतं, तिथल्या रोपांत ते मिसळायला नको. बी घ्या ते वाढवणाऱ्यांकडून. बर्मानीच्या एका चांगल्या झाडाला शेकडो बिया येतात, कुणीही पाकीटभर आनंदाने देतो.

बी धरायचं कसं, तेवढं सांगून थांबते. बर्मानीची पांढरी फुलं सकाळी उन्हात थोडा वेळ उघडतात, कधी उघडतच नाहीत, तरी स्वतःच्याच परागाने फळतात. तुम्हाला ब्रशने काही करायला लागत नाही. बोंड तपकिरी झालं की दांडा कापून बटर पेपरवर उलटा झटका. ऑक्टोबरच्या अखेरीपासून रोज बघायला हवं, एका वाऱ्यात सगळं सांडतं. चहाच्या गाळणीतून कचरा वेगळा करा, दोन दिवस सावलीत वाळू द्या, बटर पेपरच्या पुडीत बांधून काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पाकिटासोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीला बी चिकटून बसतं. पुडीवर जात, महिना, वर्ष लिहा. इंडिकाचं बी मी मेपर्यंत कपाटातच, बाहेरच्या उष्णतेत ठेवते. बर्मानीचं जास्त वर्षं टिकवायचं असेल तर फ्रिजच्या दारात, पण पूर्ण कोरडं करूनच.

तुमच्या हातात आत्ता अर्धं पाकीट आहे. त्यातलं निम्मं याच आठवड्यात नव्या मिश्रणात पेरा, दोन डब्यांत, एक ग्रिलच्या पुढच्या कडेला आणि एक ट्यूबखाली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोपं दिसायला हवीत. उरलेलं निम्मं पुडीत बांधून कपाटात ठेवा आणि कॅलेंडरवर २५ मेला खूण करा. आणि आज रात्री पाऊस येणार असेल तर टब बाहेर ठेवायला विसरू नका, मीटर यायची वाट बघू नका.